द्यावी आणि घ्यावी

परदेशांशी झालेल्या देवघेवीचा ताळेबंद प्रत्येक देश दरवर्षी मांडतो. शास्त्राप्रमाणे त्याची बेरीज शून्य यायला हवी. ती सहसा येत नाही. मग शेवटी एक ओळ घालतात आणि जुळत नसलेला फरक तिथे टाकतात. अमरावतीला एम.ए.च्या वर्गात आमच्या प्राध्यापकांनी या ओळीचे इंग्रजी नाव सांगितले आणि म्हणाले, "दुकानदार बिलाखाली लिहितो ना, चूकभूल द्यावी घ्यावी? तेच हे."

माझी शाळा बाळापूरची. इंग्रजी पुस्तकातली गोष्ट मराठीत सापडली की मला ती आपली वाटे. दोन पेपरांऐवजी प्रबंध लिहिण्याची सवलत होती. भारत आणि सिलोन यांच्या दहा वर्षांच्या ताळेबंदांतली ही एकच ओळ मी विषय म्हणून घेतली. शिष्यवृत्ती मार्चपर्यंत होती. अकोल्याच्या एका कॉलेजात जूनपासून शिकवायची जागा होती, पण पदवी हाती असेल तरच. आमच्या घरात चौथीपुढे कोणी गेले नव्हते.

वडील अकोल्यात जिनिंग कारखान्याच्या वजनकाट्यावर कापसाचे बोजे चढवत. दिवाळीत घरी गेलो तेव्हा त्यांनी विचारले, "काय शोधून राहिला तू?"

"आपल्या देशाच्या हिशेबात जे कमी पडतं, ते सिलोनकडे जास्त निघतं का, ते."

"सिलोन म्हंजे लंकाच ना? मंग गेलं असन तिकडं. सोनं तिथंच जाते."

ते हसले. मी हसलो नाही, कारण माझे म्हणणे जवळजवळ तेच होते. एकाने द्यावी, दुसऱ्याने घ्यावी. तीन वर्षांचे आकडे खरोखर समोरासमोर बसले होते, इकडे उणे तर तिकडे अधिक. उरलेल्या सात वर्षांसाठी मी जहाजांना झालेला उशीर, बंदरातले संप अशी कारणे शोधत बसलो. त्यात चार महिने गेले.

फेब्रुवारीत सरांनी कच्चा प्रबंध वाचला. "तीन वर्षं जुळली. बाकीची सात?"

"जुळवतो आहे, सर."

"अहो, हे दोन देश फक्त एकमेकांशीच व्यवहार करतात का? सिलोनचा चहा विलायतेला जातो. त्यातलं काही नोंदायचं राहिलं तर ते आपल्या ओळीत कसं येईल?"

मी म्हणालो, "सर, तुम्हीच सांगितलं होतं, द्यावी घ्यावी."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ते सौजन्य आहे हो. तो हिशेब नाही."

पुढचे पाच आठवडे त्यांनी मला रोज दुपारी आपल्या घरी बसवले. त्याबद्दल ते कधी एक शब्दही बोलले नाहीत. मी दोन्ही देशांची गाठ सोडली आणि प्रत्येकाची ओळ त्याच्याच मागच्या वर्षांशी ताडून पाहिली. नुसती चूक असती तर ती कधी इकडे, कधी तिकडे झुकली असती. एका देशाची ओळ तशीच झुकत होती. दुसऱ्याची मात्र वर्षानुवर्षे एकाच बाजूला होती. म्हणजे तिथे काहीतरी नेमाने नोंदायचे राहत होते. काय, ते मला सांगता आले नाही आणि मी तसे लिहिले. न जुळलेली सात वर्षे परिशिष्टात दिली. मार्च संपण्याच्या आत प्रबंध टंकलिखित होऊन गेला.

दुसरा वर्ग मिळाला. जागाही मिळाली. सांगायला मी थेट काट्यावर गेलो.

वडिलांनी आधी विचारले, "फरक भेटला का?"

"नाही. तो नेमका कशाचा ते सांगता येत नाही, एवढं दाखवलं."

त्यांनी हातातला बोजा खाली टेकवला आणि शेजारच्या हमालाकडे वळले. "ऐकलं का? आपल्या काट्यावर फरक नाई भेटला तं मुकादम घरी धाडते. अन् याले मास्तर करून राहिले."