रविवारच्या दोन खुर्च्या

रविवारी सकाळी भाई सुर्वे टीव्हीसमोर वेताच्या दोन खुर्च्या मांडायचे. आधी रिकामी राहणारी खुर्ची पुसायचे, मग स्वतःची. आम्ही बाकीचे, म्हणजे मी आणि शेजारपाजारचे पाच-सात जण, खाली सतरंजीवर. पहिल्याच रविवारी मी अजाणता त्या रिकाम्या खुर्चीत बसायला गेलो, तेव्हा भाई अगदी सहज म्हणाले, "मास्तर, तिथं नको. तात्या बसलाय." मी साताऱ्याहून बदली होऊन आलेला शिक्षक. रत्नागिरीत मांडवीला भाईंच्या घरातली पुढची खोली नुकतीच भाड्याने घेतली होती. आपला घरमालक भ्रमिष्ट आहे की काय, या काळजीत त्या दिवशी टीव्हीवर काय चाललंय ते मला दिसलंच नाही.

तात्या मयेकर म्हणजे भाईंचे शेजारी. दोन्ही घरांत चिऱ्याची भिंत एकच. भाई मासळीचा टेम्पो चालवायचे आणि तात्या फिटर. मासळी कोल्हापूरला पोचवायला दोघे मिळूनच जायचे. मी येण्याआधी एका रविवारी सकाळी, रिकामा टेम्पो घेऊन परत येताना, आंबा घाटात तो कड्यावर आदळला. तात्या जागच्या जागी गेले. भाईंचा उजवा पाय कायमचा ताठ झाला. ब्रेक लागला नाही, एवढंच त्यांनी सगळ्यांना सांगितलं. तात्यांच्या बायकोला मात्र एक वाक्य जास्त सांगितलं, "वैनी, तात्या झोपलेला होता. त्याला काय कळलाच नाय."

आता त्या कार्यक्रमाविषयी. रत्नागिरीत टीव्ही दिसायला लागला तेव्हापासून तो चालू होता. त्याचं खरं नाव कोणी घेत नसे, सगळे नुसतं 'गाड्या' म्हणायचे. दर आठवड्याला एक नवी गाडी यायची आणि एक माणूस ती चालवून दाखवायचा. आमच्यापैकी एकाच्याही दारात गाडी नव्हती, पण मतं बघाल तर प्रत्येकाच्या घरी दोन-दोन असाव्यात अशी. आधीचा निवेदक सफारीतला, पोट सुटलेला. तो बॉनेट उघडून आत वाकायचा आणि सावकाश बोलायचा. पुढे त्याच्या जागी एक गॉगलवाला आला, आणि मांडवीत उभी फूट पडली. भाई गॉगलवाल्याच्या बाजूचे. "गाडी पळवतो बघा कसा! गाडी पळवायची असते, तिची आरती नाय करायची," असं ते मांडीवर थाप मारून सांगायचे.

आणि मग ते थांबायचे. बाजूच्या खुर्चीकडे बघायचे. घशातून एक कोरडा खोकला यायचा, तसा खोकला भाईंना एरवी कधी नसायचा. "थांब रे भाई," असं ते बोलू लागायचे, आणि तो आवाज त्यांचा नसायचा. खालच्या पट्टीतला, संथ. "ह्यानं बॉनेट उघडलान नाय. आत काय हाय ता ह्याला ठाव नाय. डावीकडचं मागचं चाक ऐक, कुरकुरतंय." आम्ही कान द्यायचो, आणि चाक खरंच कुरकुरत असायचं. लगेच भाई आपल्या आवाजात उसळून भांडायला लागायचे. लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचो, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. वेताची खुर्ची दमट हवेत आपोआप करकरते, हेही मला ठाऊक होतं. फक्त एक गोष्ट मला नंतर कळली आणि माझं हसू आटलं. गॉगलवाला आला तो तात्या गेल्यानंतर. त्यांनी त्या माणसाला कधी पाहिलेलंच नव्हतं.

मयेकरकाकू दर रविवारी यायच्या. दाराशी उंबऱ्याला टेकून बसायच्या. त्यांच्या घरी टीव्ही नव्हता आणि गाड्यांशी त्यांना काडीचंही देणंघेणं नव्हतं. एकदा मी त्यांना विचारलं, तुम्हाला आवडतो का हो हा कार्यक्रम? त्या म्हणाल्या, "मास्तर, आमचे हे गाडीत कधी झोपत नव्हते. मला सासरी आणताना रात्रभर एस्टीत जागे होते, इंजिनाचा आवाज ऐकत. भावजी सांगतात, झोपले होते. येक ना येक दिवस आमचे हेच खरं काय ते सांगतील." त्यांचा चेहरा इतका शांत होता की मला भीती वाटली. त्यानंतर मला त्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून बसवेना.

तो दिवस आला तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. गॉगलवाला कुठल्याशा डोंगरातून गाडी उतरवत होता. एकामागून एक वळणं, बाजूला दरी. आम्ही तात्यांच्या मताची वाट बघत होतो. खोकला आला.

"थांब रे भाई. ब्रेकचे ड्रम तापलेत. वास येतोय. बाजूला घे, जरा निवू दे."

टीव्हीतल्या गाडीबद्दलच चाललंय असं आम्हाला वाटलं. कोणीतरी हसलंसुद्धा. पण भाई टीव्हीकडे बघतच नव्हते. खुर्चीकडे बघून ते आपल्या आवाजात म्हणाले, "आता घाट उतरलोच, तात्या. थांबलो तर 'गाड्या' चुकंल."

"थांब रे भाई."

"चुकंल रे मेल्या."

त्यांचा ताठ झालेला उजवा पाय जमिनीवर दाबला गेला, आणि तसाच दाबलेला राहिला. काकू उंबऱ्यावरून उठल्या, पुढे आल्या आणि भाईंकडे न बघता रिकाम्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या.

"अहो, म्हणजे तुम्ही जागे होतात?"

"जागा होतो."

भाईंनी तेव्हा दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. त्यामुळे ते कोण बोललं हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. काकूंनी डोळ्यांना पदर लावला, खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि तिलाच म्हणाल्या, "घरी चला." खुर्ची घेऊन त्या निघून गेल्या. त्यांना अडवायला कोणी उठलं नाही.

त्यानंतर भाईंना तो खोकला कधी आला नाही. रविवारी ते एकच खुर्ची मांडायचे. गॉगलवाला वाटेल तशी गाडी पळवायचा, तरी भाई चकार शब्द काढत नसत. काहीतरी बोला ना, म्हणून मी एकदा फारच मागे लागलो, तर म्हणाले, "बोलून काय करू? समोर कोण हाय?" काकूंच्या दारात ते दोनदा-तीनदा जाऊन उभे राहिले. काकू पाणी द्यायच्या, बसायला सांगायच्या, पण त्या गोष्टीबद्दल अवाक्षर नाही. परत आले की भाई लहान मुलासारखं तोंड करून सांगायचे, तात्या माझ्याशी बोलत नाय. मला त्यांची फार दया यायची. एवढा आडदांड, हसरा माणूस माझ्या डोळ्यांदेखत वाळत गेला, आणि गणपतीच्या आधी एका दुपारी त्याच खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

मुंबईहून मुलगा आला, दिवसकार्य केलं, टीव्ही माझ्या हवाली करून परत गेला. दुसऱ्या दिवशी मयेकरकाकू आल्या. "मास्तर, भावजींची खुर्ची तेवढी द्या मला," म्हणाल्या. मी कारण विचारलं. "हे येकटेच बोलत बसतात. भांडायला कोण नको?" त्या अगदी घरातलं काही मागावं तशा बोलल्या. मी खुर्ची उचलून त्यांच्याबरोबर गेलो. तात्यांची खुर्ची मधल्या भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. त्याच भिंतीला पलीकडून आमचा टीव्ही टेकलेला. मी दुसरी खुर्ची शेजारी ठेवली. काकू म्हणाल्या, "थोडी तिरकी करा. त्यांना पाय लांब करावा लागतो."

पुढच्या रविवारी सवयीने सगळे आले. मी टीव्ही लावला. गॉगलवाल्याने एक नवी कोरी गाडी आणली होती. तिच्या बॉनेटवर त्याने नुसता हात फिरवला आणि ते न उघडताच तो आत जाऊन बसला. एवढ्यात भिंतीपलीकडून काकूंचा मोकळा हसण्याचा आवाज आला. मांडवीत राहायला आल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. हसू आवरत त्या कोणालातरी म्हणाल्या, "थांबा हो भावजी, ह्यांचं होऊ दे आधी."