डाव्या कुशीची कळ

राहू गावात शहजादीची पिठाची गिरणी. नवरा गेल्यापासून पट्टा चढवण्यापासून दगडाला टाकी लावण्यापर्यंत सगळं तीच करायची. माणसांविषयी तिचं मत आधीच फारसं बरं नव्हतं. गर्भपिशवी काढली, आणि ते पारच उतरलं.

ऑपरेशन दौंडच्या एका खासगी दवाखान्यात झालं. तिसऱ्या दिवशी डाव्या कुशीत कळ उठली. डॉक्टर दारातूनच म्हणाले, "गॅस आहे. फिरा जरा." घरी आली तर थंडी वाजून ताप, वर उलट्या. नणंद आयेशा म्हणाली, "पिशवी काढल्यावर असं व्हतंच." हिची पिशवी जागच्या जागी, पण माहिती दांडगी! दीर इनुसनं तर कहर केला. "भाभी, तुम्ही लई मनाला लावून घेता." दुखतंय कुशीत आन् हा शहाणा मनात शोधतोय. शहजादीनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

नवव्या दिवशी ती पुन्हा दौंडला गेली. डॉक्टरांनी मोबाईलवरून नजर न उचलता गोळ्या बदलल्या.

"सायेब, हात तरी लावून बघा."

"बाई, डॉक्टर तुम्ही की मी?"

"त्येच कळंना झालंय," असं म्हणून ती उठलीच. थेट शिरूर गाठलं. तिथं तिची भाची नाझिया नर्स होती. तिनं त्याच दिवशी सोनोग्राफी करवून घेतली. डावी किडनी फुगली होती.

"खाला, लघवी खाली आणणारी नळी अडलेली दिसतीय. ऑपरेशनच्या टाक्यात सापडली असंल. आजच पुण्याला जायचं."

पुण्यात त्या अडलेल्या नळीतून स्टेंट घालून बघितला, वर सरकेना. मग पाठीतून बारीक नळी घालून किडनी मोकळी केली. ताप उतरला. तीन महिने शहजादीनं लघवीची पिशवी कमरेला बांधून काढले. नंतर दुसरं ऑपरेशन करून अडलेली नळी मूत्राशयाला नव्यानं जोडली. किडनी वाचली.

बरी झाल्यावर ती सगळे रिपोर्ट घेऊन दौंडला गेली. डॉक्टर एकदम मवाळ. "असं कधीकधी होतं हो, ताई."

"व्हतं, त्ये पुण्यात सांगितलं मला. टाका चुकला, त्येचं मी बोलत न्हाई. आठवडाभर मी तळमळत व्हते, तवा तुमचा हात काय झिजणार व्हता?"

तिनं लेखी तक्रार टेबलावर ठेवली, पोच घेतली आणि निघाली.

गिरणी पुन्हा सुरू झाली. तिला पोती उचलायची मनाई आहे, म्हणून इनुस येतो. निम्मं पीठ खाली सांडतो आणि गिऱ्हाइकांना सांगतो, "भाभीला येळंवर पुण्याला न्यायला लावलं कुणी?"

शहजादी त्याच्या हातात झाडू देते.