पोरीच्या जागी माझं रक्त

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात मी ज्या घरात भाड्यानं राहायचे, तिथं एका इस्पितळातली माणसं रक्त मागायला आली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी परभणीकडची, सातवीतून शाळा सुटलेली, बल्बच्या कारखान्यात पॅकिंगला. घरमालकीण मावशी मला पोटच्या पोरीसारखी जेवायला वाढायची. तिचे उपकार फिटायचे नाहीत. तरी कुणी उगाच काही देतं, यावर माझा विश्वास नव्हता. त्या इस्पितळवाल्यांवर तर मुळीच नाही.

मावशीला साखरेचं दुखणं, तिच्या दोन्ही बहिणींना साखर, तिघीही अंगानं जाड. त्यांच्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जाडी आणि साखर रक्तातून पुढच्या पिढीत कशी जाते, ते शोधतोय. मुलीचंही रक्त लागेल."

मुलीचं लग्न ठरत आलं होतं. मावशीनं मला मोरीपाशी ओढलं. "पोरीत काय निघालं तर तिला कोण करील गो? तू बस तिच्या जागी."

मी बसले. बाईंनी माझ्या कंबरेला टेप लावली. "आई एवढी नि मुलगी एवढीशी?"

"माझ्या हातचं खाते कुठं," मावशी म्हणाली.

माझ्या रक्ताच्या बाटलीवर पोरीचं नाव लागलं.

काही महिन्यांनी बाई एकट्याच आल्या. आता पोलिसात देणार, असं मला वाटलं. बाईंनी दार लोटून घेतलं.

"मावशी, राग मानू नका. तुमचं नि मुलीचं रक्त जुळत नाही. दत्तक घेतलीय का?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. हो म्हणावं तर पोर परक्याची ठरणार, नाही म्हणावं तर लबाडी उघडी पडणार.

"रक्त माझं आहे," मी म्हणाले. "मी भाडेकरू."

बाई कपाळाला हात लावून बसल्या. ओसरीवर सुकट निवडणाऱ्या मुलीनं सगळं ऐकलं होतं. ती आत आली, तिनं हात पुढे केला. "घ्या. सासूला मीच सांगते."

साखर निघाली, थोडी. तिनं सांगितलंही. होणारी सासू म्हणाली, "मी रोज सुई टोचून घेते. तुझ्या आयशीनं इचारलं असतं तर सांगितलं असतं." लग्न झालं.

बाई येऊन गेल्या त्या दिवशी मावशीनं माझ्या ताटात जास्तीची कोलंबी वाढली. "रक्त जुळत नाही म्हणे. मशीनला काय कळतंय," म्हणाली. मी खाल्ली.

पण माझी ती बाटली बाईंनी परत दिली नाही. तिच्यात काय निघालं ते मी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. आता परकराची नाडी आखूड पडायला लागली की ती बाटली आठवते.