संकासुराची दहा मिनिटं

आमच्या कोलशेतच्या संकुलात दरवर्षी दशावतार होतो. आता तो रविवारी दुपारी, हॉलमध्ये, दोन तासांत आटपतो. तरी पोरं येत नव्हती. म्हणून अध्यक्ष म्हणाले, "आख्यानाआधीचा संकासुर काढून टाकू. थेट युद्ध दाखवू."

संकासुर म्हणजे वेद पळवणारा काळ्या वेषातला विनोदी राक्षस. ते काम बाबा करतात. हात थरथरतात, त्यामुळे नाटकात त्यांना दुसरं काम मिळण्यासारखं नव्हतं. मी कोकणात शाळेत होतो तेव्हा ते इथे ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात मशीनवर असायचे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्या पगारावर. मात्र जत्रेसाठी रजा काढून ते गावी यायचेच, संकासुर होण्यासाठी.

मी अध्यक्षांकडे गेलो. दहा मिनिटं मिळाली. बाबांना सांगितलं. काळा झगा धुऊन त्यांनी बाल्कनीत वाळत घातला.

प्रयोगाच्या दुपारी ते प्रेक्षकांच्या मागच्या दारातून आले आणि मोबाइल बघत बसलेल्या एका मुलासमोर थांबले.

"काय रे झिला, बोटान काय वर ढकलतंस? मी हयसर उभो आसंय."

मुलाने मान वर केली. "अंकल, तुम व्हिलन हो क्या?"

"व्हिलन? मी तुझ्या वरच्या मजल्यार रवतंय. रात्री क्रिकेट कोण खेळता?"

मुलाची आई सगळ्यात आधी हसली. मग मागची पोरं पुढे सरकली आणि उलट उत्तरं देऊ लागली. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, त्यामुळे बाबांना पाठ विसरण्याची भीती नव्हती.

दहा मिनिटं झाली. अध्यक्षांनी खूण केली, पखवाज वाजला, संकासुराला मारायला विष्णू आला. पोरं ओरडली, "अभी नहीं! थांबा ना!"

विष्णू गदा धरून घुटमळला. मग म्हणाला, "बरं, वेद तरी परत कर."

बाबा म्हणाले, "परत दिलंय तर ह्या पोरांका अभ्यास करूचो लागतलो. माझ्याकडेच ऱ्हवांदेत."

टाळ्या थांबेनात. विष्णूने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षच हसत होते. शेवटी गदा पडली आणि संकासुर मेला. आख्यानातलं युद्ध उशिरा सुरू झालं, पण पोरं त्यालाही बसली.

परवा लिफ्टमध्ये तोच मुलगा भेटला. त्याने बाबांना विचारलं, "आजोबा, तुम्ही परत कधी मरणार?"

मी चपापलो. बाबा मात्र खुशीत म्हणाले, "पुढच्या वर्षी. पुढच्या रांगेत बस."