डाव्या हाताचा माऊस

डॉक्टर म्हणाले, "एक तर माऊस बदला, नाही तर हात बदला." ते हसले. मी नाही हसले. मनगटापासून कोपरापर्यंत ठणका लागला होता, त्यात यांना थट्टा सुचत होती. पण एसटीत बसून मानोऱ्याकडे येताना मला वाटलं, बरोबरच तर बोलला हा माणूस. दोन्ही बदलू.

मी दिवसभर मानोऱ्याच्या एका दुकानात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरते आणि घरी आले की कॉम्प्युटरवर गेम खेळते. पाच जणींचा संघ असतो आणि समोर तसाच दुसरा. बंदुका, भिंती, कोपरे. कोपरा धरून बसायचं आणि समोरची दिसली की तिच्या आधी आपण मारायचं, हे माझं काम. अकोल्याची एक पोरगी आमची कॅप्टन. तिला मी आजवर फक्त कानातल्या हेडफोनवर ऐकलेलं. नागपूरच्या स्पर्धेसाठी ती संघ बांधत होती आणि पाचव्या जागेसाठी मी आणि दुसरी एक अशा दोघी होतो. माझा हात ढिला पडून राहिलाय हे तिच्या लक्षात आलं होतं. "दसऱ्याले सगळ्यांना सुट्टी आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी दुपारी शेवटची ट्रायल. जमलं तर तू, नाही तर ती."

तिला आडपडदा माहीत नाही. मला ते आवडतं.

आता हाताचं सांगते. मी जन्माची डावखुरी. लहानपणी जेवायला बसले की आई मला माझा डावा हात मांडीखाली दाबून बसायला लावायची. प्रसादाला डावा हात पुढे गेला की त्यावर चापट. "लोकाच्या घरी जेवशील तं काय म्हनतीन? मायनं काही शिकवलं नाही म्हनतीन." तिचंही खोटं नव्हतं, लोक म्हणतातच. मग मी लिहायला शिकले ती उजव्यानं, भाकरी मोडली ती उजव्यानं, माऊस धरला तोही उजव्यानं. पण बोरं पाडायला दगड मारायचा तर डावाच हात उठायचा आणि नेम चुकायचा नाही. तो हात कोणी बिघडवला नव्हता. नुसता दाबून ठेवला होता.

मी जुनाच माऊस डाव्या हातात घेऊन सराव सुरू केला आणि माझे हाल झाले. त्या माऊसचा उंचवटा उजव्या तळव्यासाठी बनवलेला. अंगठ्याची बटणं माझ्या करंगळीजवळच्या बोटाखाली यायची आणि नको तेव्हा दाबली जायची. एकदा तर हातबॉम्ब मी आमच्याच पायाशी टाकला. चौघी मेल्या, पाचवी मी. त्यातून वायर. कॉम्प्युटरचा डबा टेबलाच्या उजवीकडे, म्हणजे वायर कीबोर्डच्या मागून ओढत आणायची, आणि ऐन वेळी ती आईच्या शिलाई मशीनच्या चाकात अडकायची. तेव्हा ठरवलं, बिनवायरचाच घ्यायचा आणि माझ्या हाताचाच घ्यायचा.

कारंज्याला गेले तेव्हा आईही सोबत होती. तिला दसऱ्याचं सामान घ्यायचं होतं. दुकानदारानं आधी मोठमोठे, रंगीत दिवे लुकलुकणारे माऊस काढले. "भावासाठी पाह्यजे का ताई?"

"मलेच पाह्यजे."

"मंग हा घ्या. सगळ्यात जास्त हाच चालते." त्यानं डब्यावरचे आकडे दाखवले, स्क्रीनवरचा बाण किती भन्नाट पळतो त्याचे. अरे बापा, मला काय शर्यत लावायची आहे? बाण मी म्हणेन तिथं थांबला पाहिजे. मी म्हटलं, डबा उघडा, हातात धरून पाहते. तो म्हणाला, उघडला की परत नाही होत.

"भाऊ, बैल घेतांनी जुपून पाह्यतात ना? का शिंगं पाहून घेतात?"

बाजूला बसलेली आई हसली आणि लगेच तिनं पदर तोंडाला लावला. दुकानदारानं मुकाट्यानं एकेक डबा उघडला.

मी डावा हात पुढे केला तशी आई कानाशी आली. "चार लोकात डावा हात काहून पुढं करून राह्यली? उजव्यानं पाह्य ना."

"खेळणार डाव्यानं अन् पाहू उजव्यानं?"

"लोक पाह्यतात."

"पाहू दे." माझा आवाज चढला, मला कळलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं ती मला नेहमी म्हणते, त्या दिवशीही म्हणाली.

मोठे माऊस माझ्या हाताला नव्हतेच. बोटं टोकापर्यंत पोचायची नाहीत, पोचवली की तोच ठणका. शेवटी त्यानं मागच्या फळीवरून एक साधा काळा काढला. दिवा नाही, नखरा नाही. दोन्ही बाजूंनी अगदी सारखा, बटणंही दोन्हीकडे. उचलला तर रिकामी आगपेटी उचलल्यासारखा. पाठ जराशी खरखरीत, म्हणजे घामानं सटकणार नाही. त्याच्या कॉम्प्युटरवर ब्लूटूथनं लावला तर हात पुढे अन् बाण मागे. मी सोबतचा डोंगल, कॉम्प्युटरला खोचायची ती बारीक खुंटी, लावायला लावला. मग हात आणि बाण एकच झाले. मनगट टेबलावर टेकलं आणि दुखलं नाही. मी बराच वेळ नुसती तो फिरवत बसले.

बांधून देताना दुकानदारानं माऊस उलटा करून खालचं बारीक भोक दाखवलं. "हा याचा डोळा. यानंच याले दिसते. इथं बोट लावू नका." मी मान हलवली. आईनंही वाकून पाहिलं.

दसऱ्याच्या सकाळी आईनं नेहमीसारखी अवजारं मांडली. सोयाबीन सोंगून आलेले विळे, कुऱ्हाड, तिची शिलाईची कात्री. मी आंघोळ करून आले तर पाटावर त्यांच्या शेजारी माझा माऊस. पाठीवर हळदीकुंकवाचं बोट, वर झेंडूचं फूल. माझा दुकानातला राग कुठल्या कुठे गेला. जो माऊस तिला चार लोकांत हातात धरलेला चालत नव्हता, तो तिनं विळ्याच्या रांगेत बसवला होता.

दुपारी ट्रायल सुरू झाली आणि बाण जागेवर गोठला. मग उडी मारून भिंतीत. मग पुन्हा गोठला. समोरची माझ्यापुढून आरामात चालत आली आणि मला मारून गेली. पुन्हा तेच. हेडफोनवर कॅप्टन, "काय करून राह्यली तू? झोपली का?" मी डोंगल काढून दुसरीकडे लावला, चार्जिंग पाहिलं, सगळं ठीक. जुना माऊस टेबलाखालीच पडला होता. वाकायचं, तो लावायचा, उजव्या हातात घ्यायचा, की बाण सरळ चालला असता. मी नाही वाकले. हरायचं तर याच हातानं हरू, असं दात खाऊन ठरवलं. मध्यंतर झालं तेव्हा आम्ही दणकून मागे होतो.

आई दारात उभी होती. "बंद पडलं का वो ते?"

"तू काय केलं होतं त्याले?"

"काही नाही. पूजा केली."

"कुठं कुठं?"

"वरतून केली. अन् खालतून." तिचा आवाज बारीक झाला. "डोळा आहे म्हने ना त्याले. म्हनून डोळ्याच्या वर, कपाळाले लावलं."

मी माऊस उलटा केला. ओलं कुंकू कपाळावरून ओघळून बरोबर डोळ्यात जाऊन वाळलं होतं.

ओरडायला तोंड उघडलं होतं, पण तिचा चेहरा पाहिला आणि मिटलं. "आन इकडं," ती म्हणाली. देवाजवळची कोरी वात आणली, टोकाला पीळ दिला आणि त्या भोकातलं कुंकू असं टिपलं, जसं लहानपणी माझ्या डोळ्यातलं कुसळ काढायची. फुंकर घातली. मग माऊस टेबलावर ठेवला, सवयीनं उजव्या बाजूला. मी तो उचलून डावीकडे घेतला. ती गेली नाही. स्टूल ओढून माझ्यामागे बसली.

दुसऱ्या डावात मी कोपरा सोडला नाही. जी दिसली ती पडली. बोरं पाडायचे तसंच, ना विचार ना घाई. आईला खेळातलं काही कळत नव्हतं, पण माझा हात थांबला की तिचा श्वास थांबायचा, ते मला पाठीमागून ऐकू येत होतं. आम्ही जिंकलो ते अगदी शेवटाला. कॅप्टन म्हणाली, "नागपूरला तू येऊन राह्यली. पहिल्या डावात काय झालं होतं?"

"माऊसच्या डोळ्यात कुंकू गेलं होतं," मी म्हटलं. तिनं ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

संध्याकाळी सोनं वाटायची वेळ झाली. आई आपट्याची पानं घेऊन माझ्यासमोर आली. मी वाकून पाया पडले आणि इतक्या वर्षांच्या शिस्तीनं उजवा हात पुढे केला.

"तो नाही," आई म्हणाली. "जो खेळला तो दे."

मी डावा हात पुढे केला. तिनं त्यावर सोनं ठेवलं आणि बोटं मिटवून तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. सोयाबीनच्या शेंगांनी खरचटलेले तिचे हात खरखरीत लागत होते. शेजारच्या बाया सोनं द्यायला दारात येऊन उभ्या होत्या, पाहत होत्या. तिनं हात सोडला नाही.