दोन दिवसांत बरं करणारं मलम

"दोन दिवसांत? अरे, दोन दिवसांत जावयाचा रुसवा जात न्हाई, इसब कसा जाईल?"

"अव्वा, लोकांना गुण येऊन राहिलाय, त्याचंच वाईट वाटून राहिलंय का तुला?"

"माझ्या मलमाला वीस दिवस लागतात. चाळीस वर्षं झाली, वीसचेच वीस."

"जमाना बदलला. औषध पण शहाणं झालं."

"औषध न्हाई रे, तूच लई शहाणा झालास."

महानंदाबाईंनी लेकाकडं, सोमेशकडं, नीट पाहिलं. तो बोलत आईशी होता आणि बघत भिंतीकडं होता.

निलंग्याहून लग्न होऊन उदगीरला आल्या, तेव्हा सासूनं त्यांना भाकरीच्या आधी दगडीपाला ओळखायला शिकवलं. पाल्याचा रस करंजाच्या तेलात मंद आचेवर आटवायचा, शेवटी मधमाशीचं मेण घालायचं. भाजलेलं, चिरलेलं, इसबानं सोललेलं, एवढ्यालाच ते लावायचं. नायटा घेऊन कुणी आलं तर महानंदाबाई सरळ दवाखान्याकडं बोट दाखवायच्या.

वर्षभरापूर्वी सोमेश म्हणाला, "तू फक्त शिजव, डब्या मी भरतो." मागची खोली त्यानं त्या कामाला घेतली आणि तिला कुलूप लावलं. धूळ जाते म्हणाला. धुळीला कुलूप कशाला लागतं, हे महानंदाबाईंना तेव्हाच विचारायचं होतं. विचारलं नाही. लेक कामाला लागला, याचंच अप्रूप होतं.

आज सकाळी मुदखेडहून वर्षाराणी आली. साबणाच्या पाण्यानं हाताला इसब झालेला. चार महिने सोमेशच्या डब्या वापरत होती. आता ओसरीवर हात पुढं करून बसली होती. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आतल्या शिरा मोजून घ्याव्यात अशा.

"पहिल्यांदा लई भारी वाटलं, अव्वा," ती म्हणाली. "आता एक दिवस लावलं न्हाई की नुसती आग. डॉक्टर म्हणाले, आत काय हाय ते विचारून या."

"करंज हाय, दगडीपाला हाय, अजून काय असणार?" सोमेश घाईनं म्हणाला. "तुमची कातडीच नाजूक असंल, ताई."

महानंदाबाईंनी तिच्याजवळची डबी उघडून नाकाशी नेली. करंजाचा वास कसा असतो? हात तीनदा धुतला तरी जेवताना घासाला लागतो. हा वास पाहुण्यासारखा दारातच उभा होता.

"मेण नवं हाय," कुणी न विचारता सोमेश म्हणाला.

त्या उठल्या. देवळीतली कापसाची वात घेतली, डबीतल्या मलमात बुडवली.

"हे काय करून राहिलीस?"

"तुझ्या आज्जीची परीक्षा. रस पुरता आटला तर वात गुमान जळते. पाणी राहिलं तर बोंबलते. हे मलम मी माझ्या हातानं आटवलंय, सोमेश. ह्यात पाण्याचा थेंब न्हाई."

काडी ओढली. वात पेटली आणि तडतड, तडतड, तव्यावरच्या मोहरीसारखी उडायला लागली. वर्षाराणीनं हात मागं घेतले.

"हवा दमट असंल," सोमेश म्हणाला.

"मे महिन्यात? उदगीरात?"

सोमेश डबीचं झाकण शोधायला लागला.

"हे पाणी दुकानातल्या पांढऱ्या क्रीमचं. दोन दिवसांत इसब दाबते नि कातडी पातळ करते, तीच मिसळलीस. माझ्या पाठीमागं, माझ्या नावाच्या डबीत." महानंदाबाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "ते भांडण आपलं आपण नंतर भांडू. आत्ता फक्त नाव सांग. कोणती ट्यूब? ह्या पोरीला उद्या डॉक्टरपुढं बसायचंय. आणि अजून किती जणांच्या घरात हाय हे?"

"दादा, सांगा की," वर्षाराणी म्हणाली. "मी कुणाला काही बोलणार न्हाई. नाव तेवढं सांगा."

सोमेशनं तिच्या हातांकडं एकदा पाहिलं. मग खुंटीवरची गाडीची चावी काढली, चपला पायात सरकवल्या आणि दोघींच्या मधून वाट काढत पायऱ्या उतरून निघून गेला.