उमरेडची शेवंता

आरतीचा आवाज कानात यायचा थांबला, त्या महिन्यात मी देवाशी बोलणंच टाकलं. सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. लहानपणी गोवराने एक कान नेला होता. आता तापाने दुसराही गेला. नागपूरच्या एका मूकबधिर शाळेत मी शिकवत असे. मुलांनी ओठ वाचावेत, तोंडाने बोलावं, हात हलवू नयेत, असा तेव्हा नियम होता. एका कानावर भागवताना मला स्वतःला ओठ वाचणं जमलं होतं, म्हणून मी तो इतरांपेक्षा कडक पाळायची.

तापाच्या दोन वर्षं आधी उमरेडच्या एका विणकराची मुलगी, शेवंता, माझ्या वर्गात होती. आठ वर्षांची. तिचे हात थांबतच नसत. एकदा मी तिच्याच रिबिनीने ते पाठीमागे बांधले आणि तासभर तसंच बसवलं. नेमके त्याच दिवशी तिचे वडील भेटायला आले. ते म्हणाले, "बाई, हिचे हात काहून बांधले? घरी हे हातानंच बोलते आमच्यासंग." मी त्यांना नियम सांगितला. ते तिला घेऊन गेले, ते कायमचे.

इस्पितळात मला तिची आठवणही नव्हती. डॉक्टर भराभर बोलत, दाट मिशांखाली त्यांचे ओठ दिसत नसत. आपण जगणार की नाही, हेही कळेना. मी रडायला लागले, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीजवळ बसलेली एक बाई उठून आली. कपाळाला हात लावून तिने तो झटकला: ताप उतरला. माझ्या छातीवर थोपटून हसली: जीव वाचला. मग माझ्या कानाकडे बोट दाखवून सावकाश हात पालथा केला: ऐकणं आता परत येणार नाही. इतकी वाईट बातमी इतक्या मायेने मला कुणीच सांगितली नसती. दुसऱ्या दिवशी ती खाट रिकामी होती. बाई कन्हानची, तिचा भाऊ बहिरा, एवढंच नर्सने लिहून सांगितलं. योगायोग असेल, मी वाद घालत नाही. मला मात्र तिला देवानेच धाडलं असं वाटलं, आणि त्याच क्षणी शेवंताचे बांधलेले हात डोळ्यांपुढे आले.

पुढे लकडगंजच्या वखारीत काम करणाऱ्या बहिऱ्या माणसांकडून मी खुणांची भाषा शिकले. शाळा सुटल्यावर मुलांना शिकवली, नंतर वर्गातही. कोर्टात, दवाखान्यात दुभाषी म्हणून उभी राहिले. कुणीतरी बोलणं लिहून द्यायचं, मी ते हातांनी सांगायची.

उमरेडला जायचं धाडस व्हायला मात्र दहा वर्षं लागली. शेवंता अंगणात सुताच्या कांड्या भरत होती. तिच्या आईच्या ओठांवरून मी वाचलं, "तुमच्या शाळेतून आली अन् हातानं बोलनंच सोडलं तिनं. आता कोनाशीच बोलत नाही, बाई."

मी खुणेने माफी मागितली. शेवंताने पाहिलं, मला पाणी आणून दिलं आणि पुन्हा कामाला बसली.

सुट्टीच्या दिवशी मी अजूनही उमरेडची एसटी धरते. माफी मिळावी, असं मागणं आता देवापुढे ठेवत नाही. इस्पितळात न मागता जे मिळालं, त्याचे उपकार मानते. मी शेवंताचं जे हिरावलं, ते परत देणं माझ्या हाती उरलेलं नाही. ते देवावर सोपवून तिच्याशेजारी सूत उकलत बसते.